शेवटच्याला आधी

तुमच्या घरात, दुकानात, कचेरीत सगळ्यात शेवटी ज्याचं मत घेतलं जातं, तो माणूस कोण? नाव चटकन आठवलं का? की त्याचं मत घ्यायचं असतं, हेच आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही?

मला हा प्रश्न पडायला लागला तो रघुनाथनानांमुळे. आणि नानांची ओळख करून द्यायची तर चहापासूनच सुरुवात करावी लागेल. कारण रघुनाथनाना स्वतःच्या चहात साखर किती घालायची, हे शेजारच्या माणसाला विचारतात.

यात थट्टा नाही. कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाची गाडी लागते. नाना तिथे उभे राहतात, शेजारी जो कोणी असेल, ट्रकचा ड्रायव्हर असो की रस्ता चुकलेला परगावचा पाहुणा, त्याच्याकडे वळून अगदी मनापासून म्हणतात, "भो, साखर किती टाकू? तुले काय वाटस?" माणूस गोंधळतो. "तुमचा चहा, तुम्ही ठरवा." नाना मान हलवतात. "मन्हं मांगून सांगसू. पहिले तुन्हं सांग."

नाना मूळचे धुळ्याकडचे. जळगावात येऊन उभा जन्म गेला, पण जिभेवरची अहिराणी त्यांनी बसस्टँडवर उतरताना सोडली नाही. "तुले काय वाटस?" आणि "मन्हं मांगून" म्हणजे माझं नंतर, ही त्यांची दोन वाक्यं. पहिलं दिवसभर चालतं. दुसऱ्याची गंमत अशी, की ते 'मांगून' कधीच येत नाही. नानांचं स्वतःचं मत काय आहे, हे आमच्या कारखान्यात कोणालाही माहीत नव्हतं.

आमचा कारखाना चटयांचा. औद्योगिक वसाहतीत असे पुष्कळ आहेत. प्लास्टिकच्या दाण्यांपासून रंगीत नळ्या निघतात, मागावर त्यांच्या चटया विणल्या जातात, आणि पॅकिंगच्या लांबलचक शेडमध्ये बायका त्या घडी घालून पिशव्यांत भरतात. देशातली कितीतरी लग्नघरं आमच्या चटयांवर बसून जेवतात. नाना तिथे स्टोअरकीपर. मागाचा एखादा बोल्ट तुटला की कामगार धावत स्टोअरच्या खिडकीशी येतो, आणि नाना आतून विचारतात, "कोनता बोल्ट देऊ? तुले काय वाटस?"

"नाना, जो बसतो तो द्या. माग बंद आहे."

"ते शे रे. पन नवा देऊ का जुना घासेल चाली?"

एकदा त्यांना चप्पल घ्यायची होती. दाणा बाजाराजवळच्या दुकानात त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांची मतं घेतली, त्यात दोन तट पडले, आणि नाना एका पायात एका तटाची आणि दुसऱ्या पायात दुसऱ्या तटाची चप्पल घालून आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. शेवटी दुकानदाराने हात जोडले. नाना जुन्याच चपलेने परत आले आणि आम्हाला म्हणाले, "एकमत नही व्हयनं."

त्यांची आणखी एक खोड. घोळक्याला काही विचारायचं असेल तर ते नेहमी टोकाच्या, शेवटच्या माणसापासून सुरुवात करतात. जो सर्वांत मागे उभा आहे, जो नवा आहे, जो बोलत नाही, त्याला आधी. मुकादम पुढे उभा असला तरी नाना त्याच्या खांद्यावरून मागे पाहत. "तू सांग रे, तो खांबामांगे उभा शे तो." मुकादम चिडायचा. आम्ही हसायचो. म्हातारपणीच्या लहरी, असं सगळे म्हणायचे.

मी त्या कारखान्यात डिस्पॅचची कारकून. माझे वडील छापखान्यात होते. कामगारांची पत्रकं छापून उरलेली ते घरी आणत, आणि मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. त्यामुळे मालकाच्या हातून येणारी प्रत्येक गोष्ट मी आधी उलटी करून पाहते. 'सूचना पेटी' आली तेव्हाही तेच केलं.

ती आणली छोट्या शेठांनी. छोटे शेठ पुण्याला शिकून आले होते आणि वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं करून सांगितलं, की यापुढे कारखान्याचे प्रश्न कामगारच सोडवतील, ज्याला जी कल्पना सुचेल ती त्याने चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावी, उत्तम कल्पनेला बक्षीस. बक्षीस काय, तर एक मोठी डबल चटई. मोराच्या नक्षीची.

पॅकिंगच्या बायका त्या मोराला रोज घडी घालत होत्या. त्यांच्यात वयाने सर्वांत थोर इंदूअक्का. नशिराबादहून रोज येतात. त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "माय वं, मोर घरीबी."

पेटी सुंदर होती. काचेची, कुलपाची. ती टांगली टाइम ऑफिसच्या भिंतीवर, पुरुषांच्या मुतारीकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी, आणि बरोबर कॅमेऱ्याखाली. चिठ्ठी कोण टाकतो, हे शेठांच्या केबिनमधल्या पडद्यावर स्वच्छ दिसत असे. पॅकिंगच्या बायकांनी त्या बोळाकडे आजवर मान वळवली नव्हती आणि पेटीसाठीही वळवली नाही. पहिल्यांदा कुलूप उघडलं तेव्हा आत गुटख्याच्या पुड्या, एक लग्नपत्रिका, आणि 'चहा पातळ असतो' असं लिहिलेली एक चिठ्ठी निघाली. सही नव्हती, पण कॅमेऱ्यामुळे ती लिहिणाऱ्याचं नाव सगळ्यांना कळलं.

मी एक पत्रक लिहिलं. ज्या कारखान्यात बोललं की नोंद होते तिथे काचेची पेटी ही शोभेची वस्तू आहे, असा त्याचा सूर होता. वाटण्याआधी ते नानांना दाखवलं. नानांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"बरं शे," ते म्हणाले. "पन पोरी, हाई तू कोनले इचारीसन लिखं?"

"कोणाला कशाला विचारायचं? खरं आहे ते."

"खरं शेच. पन तू लिखं पॅकिंगन्या बायास्ना नावे. त्यास्ले काय वाटस?"

मी पत्रक घडी घालून ठेवून दिलं. नाना उठले, स्टोअरला कुलूप लावलं, पाना घेऊन टाइम ऑफिसकडे गेले आणि पेटीचे स्क्रू काढायला लागले. रखवालदार धावला. "नाना, काय करता? कोनी सांगितलं?"

"कॅमेराना खाले कोन बोली भो?" नाना म्हणाले. "पेटी जागावरथीन हालत नही. मंग आपन हालूत. तुले काय वाटस?"

रखवालदाराचं मत आजवर कोणी घेतलं नव्हतं. त्याने खालून पेटी धरली.

त्या दिवसापासून नाना पेटी बगलेत घेऊन कारखानाभर फिरायला लागले. सर्कसचा माकडवाला निघाल्यासारखे दिसत. लोक म्हणाले, नाना सरकले. छोट्या शेठांनी केबिनमधून पाहिलं आणि रागवायच्या ऐवजी खूश झाले. त्यांच्या अभ्यासक्रमात अशा माणसाला काहीतरी छान नाव होतं म्हणे. त्यांनी पेटीचा कारभार नानांकडेच दिला. लोकांनी त्यांना पेटीनाना म्हणायला सुरुवात केली.

मग उन्हाळा आला, आणि त्याबरोबर आखाजी.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. तुमची अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त. आमची आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. लग्न झालेली मुलगी त्या दिवसांत माहेरी येते. बाप किंवा भाऊ तिला आणायला जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आला की मुलीला सासरचं कोणी अडवत नाही. गावात लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या आणि आमरस खातात. वरून आग ओतत असते आणि खाली बायका आकाशात जात असतात. वर्षातले तेवढेच दिवस कोणी त्यांना काम सांगत नाही.

आणि नेमकी हीच आमची लग्नसराईची घाई. आखाजीला पॅकिंग शेड ओस पडायची. बायका न सांगता जायच्या, कारण सांगितलं तर 'नाही' ऐकावं लागायचं. त्या वर्षी छोट्या शेठांनी फळ्यावर सूचना लावली : आखाजीच्या दिवसांतली गैरहजेरी थांबवण्यासाठी कल्पना सुचवा. शेडमध्ये मुकादमाने तोंडी भर घातली, की जी न सांगता जाईल, तिने परत येऊ नये. पॅकिंगच्या सगळ्या बायका ठेकेदारामार्फत घेतलेल्या. त्यांना काढायला कागदही लागत नाही.

हे ऐकून मनीषाचा चेहरा उतरला. मनीषा त्यांच्यातली सर्वांत नवी. माहेर पाचोऱ्याजवळच्या खेड्यात, लग्न होऊन वर्ष झालेलं नव्हतं. ही तिची पहिली आखाजी. पहिल्या आखाजीला मुलगी आली नाही तर आई उंबऱ्यात बसून राहते, गाव विचारत राहतं. पण नवऱ्याचं काम सुटलेलं होतं आणि घर तिच्या एकटीवर होतं. माहेर की नोकरी, असा तो सरळ हिशेब होता. मुलगी घडी घालता घालता मध्येच थांबायची, आणि शेजारची तिला कोपराने ढोसायची.

ऑफिसमधून भराभर कल्पना आल्या. एकाने लिहिलं, फाटकाला कुलूप लावावं. दुसऱ्याने, प्रेरणादायी भाषण ठेवावं. हिशेबनिसांनी सुचवलं, की आखाजी पुढच्या रविवारी साजरी करावी. ही कल्पना छोट्या शेठांना आवडली, हे मी स्वतः पाहिलं.

नाना जेवणाच्या सुट्टीत पेटी घेऊन पॅकिंग शेडमध्ये गेले आणि बायकांच्या डब्यांच्या रिंगणाबाहेर मांडी घालून बसले. पेटी मध्ये ठेवली. "हाई चिठ्ठीबिठ्ठी जाऊ द्या," म्हणाले. "तोंडे सांगा."

कोणी बोललं नाही. नाना दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी बायकांनी त्यांना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि ठेचा दिला, तरी बोलल्या नाहीत. एकीने मला हळूच विचारलं, "ताई, हे बुवा रोज येऊन काहून बसते?" मी म्हटलं, विचारायला. "काय?" तुम्हाला काय वाटतं ते. तिला ते खरं वाटेना. आम्हाला काही वाटतं, यावर विश्वास ठेवायलाच त्यांना वेळ लागला.

मग एके दिवशी नानांनी रिंगणाच्या टोकाला बसलेल्या मनीषाकडे पाहिलं. "माय, तू सांग. तुले काय वाटस?"

मनीषा रडायला लागली. त्या रडण्याने शेड उघडली. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, आणि त्या गलक्यात इंदूअक्का शांतपणे म्हणाल्या, "आमी बसू ना कामाले. ज्याइले माहेर नई, त्या."

बाकीच्या त्यांच्याकडे वळल्या.

"मायबाप गेले, भाऊ इचारत नई, अशा आमी बऱ्याच हो. आखाजीले आमी कुठी जातो? घरी बसून भिंती पाहतो. आमी येतो. या पोरी जाऊ द्या. सावनात आमच्या घरी कानबाई बसते, तवा या पोरी आमच्यासाठी उभ्या राहतीन. फेड झाली. पन हे कोनं कधी इचारलंच नई."

इतकी साधी गोष्ट होती. कानबाई ही आमच्याकडच्या घराघरांतली देवी, श्रावणात येते, आणि ज्या घरी ती बसते त्या घरच्या बाईला पाय हलवता येत नाही. म्हणजे एकीचा सण उन्हाळ्यात, दुसरीचा पावसाळ्यात. शेडमधल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं. केबिनमध्ये कोणालाही नव्हतं.

नानांनी हे शेठांना जाऊन सांगितलं नाही. ते बायकांनाच घेऊन केबिनमध्ये गेले. मलाही नेलं. गार हवेत त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मुकादम खुर्चीवर होता. छोटे शेठ म्हणाले, "बोला नाना."

"मी मांगून," नाना म्हणाले आणि दाराशी उभ्या मनीषाकडे वळले. "पहिले ती."

मनीषाने पायाच्या अंगठ्याकडे पाहत सांगितलं, "मला पहिल्या आखाजीला घरी जायचंय. आणि काम सोडायचं नाही."

त्या केबिनमध्ये इतकं सरळ वाक्य कधी कोणी बोललं नव्हतं. पुढचं इंदूअक्कांनी सांगितलं. छोटे शेठ ऐकत राहिले. मुकादम म्हणाला, "आणि माल अडला तर? हमी कोण घेणार?"

सगळे नानांकडे पाहायला लागले. दुसरा कोणी असता तर छातीवर हात मारून 'मी' म्हणाला असता. नानांनी गर्रकन वळून बायकांना विचारलं, "काय वं माय, लेवानी का हमी?"

सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला.

छोटे शेठ हसले आणि हो म्हणाले. मला त्या हसण्याचा आजही राग येतो, हे लिहून ठेवते. बाईने आपल्या आईला भेटणं ही कल्पना नव्हे आणि तिला परवानगी मिळणं ही प्रगती नव्हे. तो हक्क होता, आणि तो चटईच्या बक्षिसासारखा दिला गेला. पुढे ऑफिसच्या भिंतीवर जो फोटो लागला, त्यात छोटे शेठ नानांना मोराची चटई देताना दिसतात. इंदूअक्का त्या फोटोत नाहीत. नानांनी तेव्हाही विचारलं होतं, "शेठ, इंदूअक्काले बलावाले पाहिजे. तुम्हले काय वाटस?" फोटोग्राफर घाईत होता.

सगळे खूश झाले, एकटे नाना सोडून. ते स्टोअरच्या खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "ज्यास्ले माहेर नही, त्यास्नी आखाजी कशी व्हई?" बोल्ट न्यायला आलेला माणूस काय सांगणार? तो बोल्ट घेऊन जायचा.

आखाजीच्या दिवशी मनीषा पाचोऱ्याकडे गेली. तिचा भाऊ मुऱ्हाळी म्हणून फाटकापर्यंत आला होता, आणि ती सगळ्यांना सांगून, हात हलवून, दिवसाउजेडी गेली. इंदूअक्का आणि त्यांच्यासारख्या बायका शेडमध्ये आल्या. मी डिस्पॅचला होते. स्टोअरला त्या दिवशी सुट्टी होती, तरी नाना हजर. खांद्यावर ट्रकचा माल आवळायचा जाड दोर.

वजनकाट्याशेजारी एक जुना लिंब आहे. नानांनी त्याला झोका बांधला. अर्थात सरळ बांधला नाही. फांदी कोणती, गाठ कशी, पाट किती उंच, यावर त्यांनी दोन ड्रायव्हर, रखवालदार आणि चहावाला यांची मतं घेतली. मग घरून आणलेली मोराची चटई झोक्याखाली अंथरली आणि जेवणाची सुट्टी झाल्यावर शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. "चला वं माय. झोका बांधेल शे."

बायका आधी लाजल्या. कारखान्याच्या अंगणात, युनिफॉर्मच्या निळ्या कोटात झोका? मग इंदूअक्का पाटावर बसल्या. पांढऱ्या केसांच्या, गुडघे दुखणाऱ्या इंदूअक्का. नानांनी मागून हळूच झोका दिला. दुसरीने गौराईचं गाणं धरलं, तिसरीने उचललं. ऊन असं होतं की वजनकाट्याच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. त्या सावलीच्या तुकड्यात त्या बायका गात होत्या, आणि मालाची गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा विसरला.

इंदूअक्का उतरल्या. झोका थांबला, तरी नाना दोर धरून उभेच. इंदूअक्कांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"नाना, तुमी साऱ्याइले इचारता. आज तुमचं सांगा. तुमाले काय वाटते?"

हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नव्हता. आमच्यापैकी कोणीही नाही. नानांनी सवयीने तोंड उघडलं, "मन्हं मांगून..."

"मांगून झालं," इंदूअक्का म्हणाल्या. "आता कोनी उरलं नई."

नानांनी दोराची गाठ चाचपली. मग म्हणाले, "मले वाटस, मन्ही ज्योतीनी येवाले पाहिजे."

ज्योती ही नानांची मुलगी. एकुलती एक. सुरतला दिलेली. नानांना मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. बायको वारल्यावर मेहरूणला एका खोलीत एकटे राहतात, एवढंच माहीत होतं.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. ज्योतीला स्थळ आलं तेव्हा नानांनी आपल्या स्वभावाप्रमाणे सगळ्यांना विचारलं. "भाऊबंदस्ले इचारं. सोयरास्ले इचारं. मास्तरले इचारं. सुरतले घर देखाले गऊ, तवय एस्टीना कंडक्टरले बी इचारं." सगळे म्हणाले, चांगलं आहे, देऊन टाक. नानांनी दिलं. "ती तठेच व्हती. चुल्हाजोडे. पानी दी ऱ्हायंती बठ्ठास्ले. शेवटले बठेल व्हती." म्हणजे चुलीजवळ, सगळ्यांना पाणी देत. "बठ्ठास्ले इचारं. तिलेच नही इचारं."

तिला पुढे शिकायचं होतं, हे त्यांना लग्नानंतर कळलं, तिच्या आईकडून. ज्योती भांडली नाही. तिने कधी तक्रार केली नाही. आई गेली तेव्हा आली, सगळं केलं, आणि परत गेली. आखाजीला मात्र येत नाही. आणि नाना मुऱ्हाळी होऊन गेले नाहीत, एकदाही नाही. कोणत्या तोंडाने जायचं, असं त्यांना वाटत राहिलं.

मग लिंबाखाली एक विचित्र गोष्ट घडली. आमच्या कारखान्याच्या बायकांनी, ज्यांनी पेटीत आजवर एकही चिठ्ठी टाकली नव्हती, त्यांनी नानांपुढे कल्पनांची रास घातली. एक म्हणाली, सरळ गाडीत बसा आणि जा. दुसरी म्हणाली, सांजोऱ्या घेऊन जा, मी करून देते. तिसरी म्हणाली, जावयाला फोन करा. चौथी तिच्यावर उखडली, "जावई काहाले? साऱ्याइले इचारूनच तं हे झालं." चहावाला लांबून म्हणाला, पत्र लिवा. नाना एकेकीकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो चपलेच्या दुकानातला गोंधळ होता.

शेवटी इंदूअक्का म्हणाल्या, "नाना, तुमी आमाले काहाले इचारता? तिले इचारा."

नानांनी खिशातून फोन काढला. नंबर लागला. बायका जवळ सरकल्या. पलीकडून आवाज आला, तो आम्हाला ऐकू आला, कारण नाना फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात, आणि जवळपासच्या सगळ्यांनी ऐकलं तरी त्यांची हरकत नसते.

"आबा? काय व्हयनं? बरं शे ना?"

"बरं शे." नाना म्हणाले. "माय, आखाजी शे. मी लेवाले येऊ का? आज नही तं उद्या. नही येऊ म्हनशी तरी चाली." मग आयुष्यभर सगळ्या जगाला विचारलेलं ते वाक्य त्यांनी तिला विचारलं. "तुले काय वाटस?"

पलीकडे शांतता. इतकी, की फोन कट झाला असं मला वाटलं. नाना काही बोलले नाहीत. समजावलं नाही, माफी मागितली नाही, विनवलं नाही. दोर एका हातात, फोन दुसऱ्या हातात, ते नुसते थांबले.

मग ज्योती म्हणाली, "इचार करीसन सांगसू."

फोन बंद झाला. बायकांचे चेहरे पडले. मलाही वाटलं, हे काही उत्तर नव्हे. पण नाना आमच्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते हसत होते.

"इचार करीसन सांगसू म्हने," ते म्हणाले. "आयकं का? इचार करी ऱ्हायनी ती."

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. बायका आत गेल्या. त्या दिवशीचा माल वेळेवर गेला, आणि आखाजी संपल्यावर मनीषा सांजोऱ्यांचा डबा घेऊन पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसली. पहिली सांजोरी तिने इंदूअक्कांच्या हातावर ठेवली.

ज्योतीचं उत्तर मी हे लिहीपर्यंत आलेलं नाही. नाना वाट पाहतात. फोन वाजला की स्टोअरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून 'कोन शे, बोलू का?' असं आता विचारत नाहीत. सरळ उचलतात. लिंबाचा झोका त्यांनी सोडलेला नाही. मुकादमाने दोनदा सांगितलं, दोर मालाचा आहे. नाना म्हणतात, "ऱ्हाऊ द्या." हे त्यांचं स्वतःचं मत आहे, आणि त्यांनी ते कोणाला न विचारता दिलं आहे.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. पेट्या टांगू नका. त्या पुष्कळ झाल्या. आज घरी किंवा कामावर काही ठरवायचं असेल, तेव्हा पाणी देऊन परत आत जाणारी, दाराशी उभी राहणारी, रिंगणाच्या टोकाला बसणारी जी व्यक्ती असेल, तिला सगळ्यांच्या आधी विचारा. आणि विचारल्यावर तोंड मिटून थांबा. ती 'विचार करून सांगते' म्हणाली, तर तेवढा वेळ तिला द्या.